पावती घेतल्याबिगर जायचं न्हाई

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. निजामाच्या राज्यात, 1917 साली, ज्यानं ही गोलाई आखली त्यानं अडतीचा विचार केला, बैलगाड्यांचा केला, पण वर्गणी मागणाऱ्या बाईचा केला नाही. अक्का एका रस्त्यानं आत शिरताना दिसल्या की समोरच्या दुकानदाराला निसटायला पंधरा रस्ते मोकळे असतात. तो निसटतोही. कापडाच्या गल्लीतून, भांड्यांच्या गल्लीतून वेळ काढत तासाभरानं दुकानावर परत येतो, तर अक्का त्याच्याच गादीवर टेकून, त्याच्याच खात्यावरचा चहा पीत बसलेल्या असतात. गोलाई शेवटी गोल आहे.

"या अप्पा. तुमचीच वाट बघलालते."

मराठवाड्यात वर्गणीला ऋतू नसतो. गणपती, देवी, जयंत्या, उरूस, सप्ता, कळसारोहण असं सगळं वर्षभर पुरतं. आमचा दुकानदार त्याला सरावलेला आहे. दहा-पंधरा पोरं कपाळाला गुलाल लावून येतात, आकडा तेच सांगतात, दुकानदार त्याच्या निम्मे देतो आणि दोन्ही बाजूंना आपण जिंकल्यासारखं वाटतं. अक्का एकट्या येतात. गुलाल नाही, ढोल नाही, मागं पुढाऱ्याचं नाव नाही. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात पावतीपुस्तक, कार्बनचा कागद आणि दोऱ्यानं पुस्तकालाच बांधून ठेवलेला बॉलपेन. लातुरात देणगीपेक्षा पेन परत मिळणं अवघड, असा त्यांचा अनुभव आहे.

आणि मागतात कशासाठी? तर दोन गटांसाठी. एक लातूरचा, बायकांचा: नवऱ्यानं हाकललेल्या, सासरी मारलेल्या, पोटगीच्या तारखांना खेटे घालणाऱ्या बायकांसोबत कोर्टात आणि पोलीस ठाण्यात जाणारा. दुसरा नांदेडचा, तृतीयपंथी, समलिंगी आणि अजून स्वतःलाच नीट न उमगलेल्या पोरापोरींचा. ही मंडळी रविवारी एका भाड्याच्या खोलीत जमतात, चहा पितात, बोलतात, आणि मधूनच कुणाचं तरी घर सुटलेलं असतं त्याची रात्रीची सोय बघतात. दोन्ही गटांचा हिशोब माझ्याकडं आहे. मी कर सल्लागार. फी ठरलेली आहे, पण ती मागायला गेलं की अक्काच उलटी पावती फाडतात, म्हणून मी जात नाही.

अक्का अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाल्या. पल्स पोलिओच्या काळात गल्लीच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या घरातलं पोर बाहेर काढायची सवय असल्यामुळं त्यांचा आवाज घरगुती राहिलेला नाही. नोकरी संपली, आवाज राहिला, आणि त्यांच्या वर्गणीचं अर्धं भांडवल तोच आहे. भरल्या दुकानात, तीन गिऱ्हाईकं साड्या बघत असताना, त्या विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण वाक्यात देतात.

"कशाची वर्गणी म्हणलाव अक्का?"

"समलिंगी पोरांच्या गटाची. समलिंगी म्हंजे बघा..."

"हळू, हळू! कळालं की."

"तुमाला कळालं, ह्या ताईंला कामून कळू नये? तर बघा ताई..."

इथं गल्ला उघडतो. त्यातली किती रक्कम समाजकार्याला असते आणि किती आवाज खाली आणण्याला, हे मला आजवर वेगळं काढता आलेलं नाही. हिशोबात दोन्ही 'देणगी' या एकाच शीर्षाखाली येतं.

कुणी कायदा काढला तर त्यांच्या पिशवीत तोही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांची पहिली पानं त्यांनी झेरॉक्स काढून लॅमिनेट करून घेतली आहेत. एक 15 एप्रिल 2014 चा, तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः सांगायचा हक्क देणारा, आणि दुसरा 6 सप्टेंबर 2018 चा, 377 कलमातून दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधाला बाहेर काढणारा. दोन्ही इंग्रजीत आहेत. अक्कांना त्यातलं फारसं वाचता येत नाही आणि दुकानदारालाही नाही, पण कागदावर शिक्का दिसला की मराठवाड्यात वादाची पातळी आपोआप खाली येते. "धर्मादाय कार्यालयाची परवानगी हाय का?" असं विचारणारा एखादा निघतोच. तोच माणूस गणपती मंडळाला हे विचारत नाही, हे अक्का त्याला आधी ऐकवतात आणि मग पावतीवरचा नोंदणी क्रमांक दाखवतात.

त्यांचा एकच नियम: पावती घेतल्याबिगर जायचं न्हाई. हा नियम देणाऱ्यांसाठी. सगळी गंमत इथंच आहे, कारण आमच्याकडं लोक पैसे द्यायला एक वेळ तयार होतात, पावती घ्यायला होत नाहीत. देवीच्या महाप्रसादाची पावती माणूस काचेखाली ठेवतो. ही पावती कुठं ठेवायची? मुनीम बघेल, मुलगा बघेल, व्याही आले तर व्याही बघतील. मोबाईलवरून पैसे पाठवायची सोय झाली तेव्हा अक्कांना आनंद झाला होता, त्यांनी चौकोनी ठिपक्यांचा तो कागदही लॅमिनेट करून घेतला. आठ दिवसांत कळालं की मोबाईल म्हणजे पावतीच्याही वरताण. एका भांडेवाल्याच्या बायकोनं रात्री नवऱ्याच्या फोनवर संस्थेचं नाव वाचलं आणि "ही कोण?" म्हणून जेवणाचं ताट थांबवलं. त्यानं खरं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. खोटं सांगितलं असतं तर बसला असता, असं तो दुसऱ्या दिवशी अक्कांना काकुळतीनं म्हणाला. तेव्हापासून रोख.

रोख म्हटलं की माझं काम सुरू. रोखीत 2000 रुपयांच्या वर दिलं तर देणगीवरची करसवलत मिळत नाही, आणि सवलत पाहिजे तर नाव आणि पॅन लिहून ते विवरण आयकर खात्याला जातं. हे मी सांगितलं की गोलाईतला व्यापारी हात जोडतो. "नको नको. 'एक हितचिंतक' लिहा." गोलाईतला माणूस करातली सवलत राजीखुशीनं सोडतो, हे मी माझ्या धंद्यात फक्त अक्कांच्या पावतीपुस्तकात पाहिलं आहे. त्या पुस्तकात पानामागून पान 'एक हितचिंतक' आहेत. कुणी दीडशेचा, कुणी अकराशेचा, आणि एक अडीचशेचा हितचिंतक, जो पाचशेची नोट देऊन उरलेले मोजून परत घेतो.

पण कायदा हितचिंतकालाही सोडत नाही. देणाऱ्याचं नाव-गाव संस्थेकडं नसलं तर ती अनामिक देणगी ठरते. एक लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या 5 टक्के, यातली जी रक्कम जास्त असेल तिच्यापुढच्या अनामिक देणगीवर 30 टक्के कर. मी अक्कांना हे समजावलं तेव्हा त्या जरा वेळ गप्प बसल्या, जे क्वचितच घडतं, आणि म्हणाल्या, "मंजे नाव पावतीवर नको, पण वहीत पाहिजे." त्या दिवसापासून एक दुसरी वही सुरू झाली. लाल पुठ्ठ्याची. तीत प्रत्येक हितचिंतकाचं खरं नाव, दुकान, गल्ली आणि रक्कम आहे. लातूर-नांदेडातला याहून स्फोटक दस्तऐवज मला माहीत नाही. जमिनीची वादग्रस्त फेरफार नोंद परवडली. ही वही अक्का घरात ज्वारीच्या कोठीत, ज्वारीच्या खाली ठेवतात. वर्षातून एकदा ती माझ्या टेबलावर येते तेव्हा पानांतून दाणे पडतात.

त्या वहीत गोलाईचं एक पान आहे. ओळीनं तीन दुकानं, तिघं शेजारी, तिघांची बोलचाल जेमतेम. प्रत्येकानं अक्कांना वेगवेगळ्या वर्षी, जवळपास त्याच शब्दांत बजावलेलं आहे: "शेजारच्याला कळता कामा नये, तो लई जुन्या विचाराचा हाय." तिघंही दरसाल देतात. तिघंही रस्त्यावर अक्का दिसल्या की एकमेकांकडं बघून कपाळाला आठ्या घालतात. मधल्याचा पुतण्या पुण्याला असतो आणि तो "लग्न करीन तर..." एवढंच म्हणून थांबला आहे, पुढचं वाक्य घरात कुणी पूर्ण होऊ दिलेलं नाही. उजवीकडच्याची बहीण माहेरी परत आली तेव्हा तिच्यासोबत तारखेला कुणी गेलं नव्हतं, अक्का गेल्या होत्या. डावीकडचा का देतो ते अक्कांनाही माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही.

कोचिंग क्लासवाल्यांकडं जाणं हा त्यांचा जूनमधला कार्यक्रम. लातूर पॅटर्न शिकायला गावोगावची पोरं इथं येऊन खोल्यांत राहतात, आणि त्यांच्या फीवर अर्ध्या शहराचं घरभाडं, मेस आणि झेरॉक्स चालतं. एका सरांनी अक्कांना वातानुकूलित खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि नम्रपणे सांगितलं, "आमच्याकडं तसली मुलं नसतात."

"सर, तुमच्याकडं पोरं किती?"

सरांनी अभिमानानं हजारांतला आकडा सांगितला.

"मग हाईत," अक्का म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं.

सरांनी वर्षभरात कोचिंगमधल्या कुठल्या तरी मुलाबद्दल काहीतरी ऐकलं असावं. त्यांनी पुढं वाद घातला नाही. लाल वहीत त्यांच्या नावापुढं "सर समजूतदार. एसी लावून दिला" असाही शेरा आहे.

अक्का वस्तू घेत नाहीत. याला कारण किल्लारी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा त्या औसा तालुक्यात नोकरीला होत्या. देशभरातून ट्रक आले, धान्य आलं, औषधं आली, आणि त्यांच्यासोबत जुन्या कपड्यांचे ढीगही आले. त्या ढिगातून एका म्हाताऱ्याच्या वाट्याला सुटाची पँट आली होती. ती धोतरावरून घालायची की धोतराखालून, हे त्यानं अक्कांना विचारलं होतं. तेव्हापासून कुणी "पैसे न्हाईत, पण घरात जुने कपडे लई हाईत" म्हणालं की अक्का म्हणतात, "तुमीच वापरा. जुने दिसत न्हाईत." तुरीची डाळ मात्र घेतात. डाळीला नाही म्हणायला त्या काही लातूरच्या बाहेरच्या नाहीत.

महिन्यातून एक फेरी नांदेडची. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा असं करत एस.टी. जाते. 17 मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, आणि अक्कांनी पहिल्याच महिन्यात वाचलेले पैसे 'महाराष्ट्र शासनाचे योगदान' म्हणून जमेत लिहून आणले. असं लिहिता येत नाही, हे मी अर्धा तास समजावलं. "सरकारनं स्त्री चळवळीला दिलेलं हेच तर एक रोखीचं हाय," त्या म्हणाल्या, "ते पण तुमी खोडून टाकताव?" पंच्याहत्तरी झाली की प्रवास पूर्ण फुकट होतो. त्या दिवसाची त्या वाट पाहत आहेत, शासनाचं योगदान त्या दिवशी दुप्पट होणार म्हणून.

नांदेडात त्यांच्यासोबत वझिराबादेत हिंडायला गटातली एक तृतीयपंथी कार्यकर्ती असते. तिला सगळे 'बाजी' म्हणतात. तिला बाजार तोंडपाठ, कारण पूर्वी ती याच दुकानांतून टाळी वाजवून मागायची. ही जोडी दुकानात चढली की दुकानदाराचा हात सवयीनं गल्ल्यात जातो, दहाची नोट बाहेर येते आणि नजर गिऱ्हाइकाकडं वळते.

"आज मांगने नै आये भैया," बाजी म्हणते. "वर्गणीकू आये."

"फरक क्या है?"

"पावती," अक्का सांगतात.

दुकानदाराची पंचाईत इथं सुरू होते. दहाची नोट देण्याचे नियम त्याला ठाऊक आहेत: न बोलता द्यायची, डोक्यावर हात फिरवून घ्यायचा, धंद्याला बरकत. इथं नाव विचारतात, पत्ता विचारतात, आणि वर पैसे कशाला लागतात तेही सांगतात: तृतीयपंथीयांच्या 2019 च्या कायद्याखालचं जिल्हाधिकाऱ्यांचं ओळखपत्र काढायला कागदपत्रं, दवाखाना, खोलीचं भाडं. एकदा एका मिठाईवाल्यानं दोन्ही केलं. दहा रुपये बाजीच्या हातात ठेवून आशीर्वाद घेतला आणि दोनशेची पावती अक्कांकडून फाडली. बाजीनं ते दहाही अक्कांना दिले आणि म्हणाली, "इसकी बी फाडो. आशीर्वाद का अलग हिसाब रखो." माझ्या खतावणीत त्या वर्षी खरोखरच दहा रुपयांची एक पावती आहे. तपशील: 'आशीर्वादापोटी'.

आता त्या पावतीपुस्तकातली सर्वात मोठी रक्कम. ती गोलाईतली नाही, क्लासवाल्याची नाही, डॉक्टरची नाही. ती नांदेडच्या एका गुरूची आहे, तृतीयपंथी समाजातल्या. जन्म गेला लोकांच्या बारशाला आणि लग्नाला बधाई मागण्यात. त्यांनी अक्कांना घरी बोलावून, चटईवर बसवून, चहा पाजून पाच हजार एक रुपये मोजले. अक्कांनी सवयीनं विचारलं, "हितचिंतक लिहू?"

गुरू भडकल्या. "कायकू? मैंने चोरी की क्या? पूरा नाम लिखो. मेरा बी, मेरे गुरू का बी, घराने का बी."

पावतीवर नावाची ओळ एवढीशी. तिच्यात ती तीन नावं मावेनात, म्हणून अक्कांनी ती पाठीमागं पूर्ण केली. रोखीतली रक्कम 2000 च्या वर असल्यामुळं सवलत मिळणार नाही, हे मी नंतर नियमाप्रमाणं कळवलं. गुरूंनी निरोप पाठवला की सवलत आम्ही दुसऱ्यांना देतो, घेत नाही.

मोठ्या पैशाचंही अक्कांनी करून पाहिलं. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले 2 टक्के सामाजिक कामाला लावावे लागतात, हे त्यांच्या कानावर आलं आणि एका मुंबईच्या कंपनीशी माझ्या ऑफिसातून व्हिडिओवर बोलणं झालं. समोरचा मुलगा चांगला होता, पण त्याला आकडा पाहिजे होता. नांदेड-लातुरात या समाजाचे लाभार्थी किती?

"2011 च्या जनगणनेत," मी बाजूनं कुजबुजलो, "महाराष्ट्रात लिंगाच्या रकान्यात 'इतर' म्हणून 40,891 माणसं."

अक्कांनी ते सांगितलं आणि लगेच पुढं जोडलं, "पण ते रकान्यात खरं सांगणारे. आन् कोण कुणावर जीव लावतं ह्याचा तर रकानाच नव्हता. तुमच्या हापिसात किती हाईत ते मोजलं का?"

मुलाचा चेहरा पडद्यावर जागच्या जागी थांबला. नेटवर्क गेलं असं आम्ही धरून चाललो. नंतर त्यानं एक 28 पानी अर्ज पाठवला, ज्यात 'अपेक्षित परिवर्तन' त्रैमासिक टप्प्यांत विभागून मागितलं होतं. अक्कांनी पहिल्या तिमाहीत लिहिलं: 'एकीच्या नवऱ्यानं तिची कागदपत्रं परत दिली.' दुसऱ्या तिमाहीत: 'बहुतेक दुसरीचा पण देईल.' उत्तर आलं नाही.

परदेशाची गोष्ट आणखी वेगळी. जगात अशा कामाला पैसे देणारे फंड आहेत. न्यूयॉर्कचा अॅस्ट्रिया 1977 पासून आहे, अॅमस्टरडॅमचा मामा कॅश 1983 पासून. ("कुणाचा मामा?" असं एका डाळमिलच्या मालकानं विचारलं होतं.) पूर्वी मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थेनं परदेशी पैसा घ्यायचा आणि त्यातला थोडा आमच्यासारख्या आडगावच्या गटाला पुढं पाठवायचा, अशी एक वाट होती. सप्टेंबर 2020 मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ही वाट बंद झाली. आलेला पैसा ज्यानं घेतला त्यानंच खर्चायचा. स्वतः नोंदणी करायची तर तीन वर्षांत निदान पंधरा लाख खर्च केल्याचं दाखवावं लागतं. अक्का म्हणाल्या, "पंधरा लाख असते तर मी अॅमस्टरडॅमच्या मामालाच दोन पाठवले असते."

त्यांचा एक भाचा टेक्सासला आहे. मूळचा औसा रोडचा, इंजिनियर. त्यानं फोन केला, "मावशी, पाचशे डॉलर पाठवू लालोय."

"थांब. आधी सांग, पासपोर्ट कुठला?"

"आपलाच होता की. मागच्या साली सिटिझन झालो."

"मग ऱ्हाऊ दे."

"अगं, पैसे देलालोय मी!"

"तू आता परदेशी स्रोत हाईस."

सख्ख्या मावशीच्या तोंडून हे ऐकून तो बराच वेळ बोलला नाही. नियम मात्र तसाच आहे. भारतीय पासपोर्टवाला कितीही लांब राहून स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेतून देऊ शकतो. नागरिकत्व बदललं की लातुरी बोलणारा भाचासुद्धा परकीय होतो. त्याआधी दिले असते तर चाललं असतं. त्याची आई हे सगळं शेजारी बसून ऐकत होती. तिनं आपल्या पेन्शनमधले हजार रुपये काढून दिले आणि लेकाला फोनवर सांगितलं, "तुझं तिथंच काहीतरी बघ बाबा. ह्यांच्यात तुला घेत न्हाईत."

पैसे मागायला अमेरिका गाठायचीच तर अक्कांना पार्वतीबाई आठवल्यांच्यासारखी गाठायची आहे. हिंगण्याच्या आश्रमातली ही विधवा बाई 1918 साली, मोडकंतोडकं इंग्रजी घेऊन अमेरिकेला गेली, तिथं लोकांच्या घरी कामं केली, भाषा शिकली आणि आश्रमासाठी पैसे जमवले. अक्कांना हा इतिहास पुण्याच्या एका शिबिरात कळाला. त्यांनी त्यातला स्त्रीशिक्षणाचा भाग आदरानं ऐकला आणि शेवटी एकच प्रश्न विचारला की, पावत्या कुठल्या भाषेत फाडल्या?

खरा आधार शेवटी पन्नास-वीसच्या नोटांचा. ऑगस्ट 2024 पासून लाडक्या बहिणीचे महिन्याला दीड हजार बायकांच्या खात्यात यायला लागले, आणि व्यापाऱ्यांना एक नवं उत्तर मिळालं: "आता सरकारच देऊ लालंय की, वर्गणी कशाला?" अक्का या उत्तराला वाद घालत नाहीत. त्या सरळ बचत गटाच्या बैठकीला जातात. दीड हजारातले वीस रुपये देणाऱ्या बाया पावती मागून घेतात, घडी घालून पाकिटात देवीच्या फोटोशेजारी ठेवतात, आणि "ते नांदेडचं काय हाय?" असंही विचारतात. अक्का तिथं आवाज न चढवता सांगतात. एक बाई ऐकून म्हणाली, "मंजे आमच्या दिरासारखं." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि बैठक कर्जवाटपाच्या विषयाकडं गेली. गोलाईत हे समजावायला अक्कांना तीन वर्षं लागतात.

मार्चअखेरीला लाल वही माझ्या टेबलावर आली. मी गोलाईचं ते पान पुन्हा बघितलं आणि राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, ह्या तिघांना एकमेकांचं सांगून का टाकत नाही? आपण एकटे नाही हे कळालं तर उघड देतील. पावतीवर नाव येईल. लाज तरी जाईल."

अक्कांनी वहीवरचे ज्वारीचे दाणे वेचून पदराच्या टोकाला बांधले.

"पयल्या साली लाज जाईल," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या साली वर्गणी जाईल. आता तिघं बी समजतेत की ही चळवळ आपल्या एकट्याच्या जीवावर चालली. मधला तर मला बोलून दाखवतो, माझ्याबिगर कोण देणार तुमाला? दरसाल शंभर वाढवतो. शेजारचा देतोय म्हणलं की म्हणंल, मग त्याच्याकडंच जावा."

"पण मग सगळे हितचिंतकच राहणार की कायमचे."

"ऱ्हाऊ द्या. खोलीचं भाडं घरमालक नाव बघून घेत न्हाई." मग त्यांचं लक्ष माझ्याकडं वळलं. पिशवीतून पावतीपुस्तक निघालं, कार्बन सरकला. "तुमची ह्या सालची बाकी हाय."

बाहेरच्या बाकावर माझे दोन पक्षकार बसले होते, दोघंही गोलाईतले. दार अर्धं उघडं होतं. अक्कांनी सवयीचा आवाज लावला, "कोणाच्या नावानं लिहू? हितचिंतक?"

एवढं सगळं ऐकल्यावर आता मागं हटणं बरं दिसलं नसतं. मी खुर्चीत ताठ बसलो आणि बाहेर ऐकू जाईल असं म्हणालो, "नाव लिहा. पूर्ण लिहा. पॅनसुद्धा लिहा."

अक्कांनी चष्मा वर सारून माझ्याकडं पाहिलं. त्यांना बरं वाटलं असावं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, पॅन दोनदा तपासून लिहिला. मग रक्कम विचारली. मी सांगितली.

पेन थांबलं. त्यांनी ते पान अलगद फाडून चुरगाळलं आणि नवीन पावती पुढं ओढली.

"एवढ्याला कशाला नाव खराब करताव साहेब," त्या पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाल्या. "हितचिंतकच लिहिते."